हे भोक कुणाचं?

पिरंगुटच्या आमच्या कारखान्यात भोकाला भोक म्हणायची हिंमत ऑफिसात एकाच बाईत होती. बाकी आम्ही सगळे 'होल' म्हणायचो. मी पडले कोथरूडची. आमच्या घरात 'छिद्र' हा शब्दसुद्धा जरा दबकत उच्चारला जायचा. त्यामुळे नोकरीच्या पहिल्याच दिवशी पाठीमागून कुणीतरी माझ्या स्क्रीनवर बोट टेकवून खणखणीत आवाजात विचारलं, "ए पोरी, हे भोक कुनाचं गं?" तेव्हा माझे कान लाल झाले. वळून पाहिलं तर चापूनचोपून तेल लावलेले केस, सुती साडी, साडीवर कारखान्याचं निळं जाकीट आणि पायात लोखंडी टोपणाचे सेफ्टी शूज. ही आमच्या डिझाइन विभागाची प्रमुख होती. तिला सगळे आक्का म्हणायचे, अगदी थोरले शेठसुद्धा.

"मला नाही माहीत," मी म्हटलं. "मी तर हे डिलीट करतेय."

"आगं बया!" आक्का अशी ओरडली, की मी माऊस सोडून हात मांडीवर घेतला. "कुनाचं हाय ते ठाव न्हाई आनि बुजवाया निगाली! तुझ्या घरात कुनी पाहुना दिसला, तर नाव न इचारता त्याला भायेर काढशील का?"

आता हे कारखान्याबाहेरच्या माणसाला समजावून सांगायला हवं. आम्ही पत्र्याची खोकी बनवायचो. विजेच्या मीटरची, पंपाच्या स्टार्टरची, लिफ्टच्या बटणांची, गिऱ्हाईक जे मागेल ते. नव्या गिऱ्हाइकासाठी कोरं चित्र कुणी काढत बसत नाही. आधीच्या खोक्याचं मॉडेल कॉम्प्युटरवर उघडायचं, लांबी-रुंदी बदलायची, नाव बदलायचं, झालं. पण जुन्या खोक्याबरोबर त्याची भोकंही येतात. एखादं कुणाच्या बिजागरीचं, एखादं कुणाच्या दिव्याचं, एखादं कुलपाचं. ती नको असलेली भोकं काढून टाकणं हे आमचं निम्मं काम होतं. सॉफ्टवेअरमध्ये त्याला एक क्लिक लागते. आक्काच्या हाताखाली कधीकधी त्याला अख्खा दिवस लागायचा.

तिची पद्धत ठरलेली होती. ज्या भोकाचं कारण सापडत नाही, त्याला स्क्रीनवर जांभळा रंग द्यायचा. मग त्या पत्र्याचं चित्र छापून घ्यायचं, पॅडला लावायचं आणि कारखान्यात फेरी काढायची. लेझर, बेंडिंग, वेल्डिंग, पेंट, फिटिंग. प्रत्येक ठिकाणी कागद पुढे धरून विचारायचं, "ह्याला वळखता का?" रस्ता चुकलेलं शेळीचं करडू घेऊन वाडीभर हिंडावं, तसं आम्ही हिंडायचो. मला लाज वाटायची. लेझरवरची बिहारची पोरं मला बघितलं की आपापसांत म्हणायची, "आ गई दीदी, छेद लेके."

तरीही मालक नाही सापडला तर जेवणाच्या सुट्टीत आक्का कॅन्टीनमध्ये उभी राहायची. "ऐका वो समदी! खालच्या डाव्या कोपऱ्यात एक भोक बेवारस हाय. कुनाचं आसंल तर ताट धुवायच्या आत सांगा." सगळे हसायचे. पण गंमत अशी, की बऱ्याचदा कुणीतरी हात वर करायचाच. एकदा तर पेंटवाल्यांचा म्होरक्या भाकरी हातात घेऊनच उठला, "आक्का, काढू नका, त्याला आकडा अडकवून तर आमी पत्रा टांगतो. ते बुजवलं तर पत्रा काय हातात धरून रंगवू?" हे भोक कुठल्याच स्क्रूचं नव्हतं, म्हणून विनयने, म्हणजे आमच्या विभागातल्या तिसऱ्या माणसाने, ते फालतू ठरवून टाकलं होतं. आक्काने विनयकडे असं पाहिलं, की त्याने ताटातली भाजी तशीच ठेवली.

विनयचं आणि तिचं कधी जमलंच नाही. तो हुशार होता, हाताला चलाख होता, पण त्याला घाई फार. एकदा त्याने एका दारावरची भोकं मुळातून काढून टाकायच्या ऐवजी प्रत्येकात एकेक गोल चकती बसवून दिली. स्क्रीनवर दार कसं छान गुळगुळीत दिसायला लागलं! पण भोकाची रेघ आत तशीच राहिली होती. तो पत्रा स्क्रीनवर सपाट उलगडून कापायला लेझरला गेला आणि लेझरने इमानदारीत एकूण एक गोल कापला. दारं आली ती चाळणी होऊन. आक्काने लेझरखाली पडलेल्या त्या चकत्या गोळा केल्या, मधोमध गिरमिटाने भोक पाडून तारेत ओवल्या आणि ती माळ विनयच्या मॉनिटरला घातली. दसऱ्याला झेंडूची घातली, तेव्हासुद्धा तिने ती काढू दिली नाही.

"भायेरनं बुजवून भागत न्हाई रं," ती त्याला म्हणाली. तिचं गाव पौडच्या पलीकडे, घरचं भाताचं रान. भातखाचराच्या बांधाला खेकडे बिळं पाडतात आणि सगळं पाणी रातोरात खालच्याच्या शेतात निघून जातं. लहानपणी ती बिळं बुजवायचं काम हिच्याकडे असायचं. "भायेरच्या तोंडाला चिखुल थापला की पानी दुसरीकडनं फुटतं. आतलं तोंड हुडकाया लागतं. पान्यात हात घालून बसावं लागतं, खेकडा चावला तरी." हे सांगताना ती खरंच हात पाण्यात असल्यासारखी बोटं हलवायची. मला ते फार आवडायचं.

तिचं हे वेड कारखान्याच्या गेटवर थांबत नसे. जाकिटाच्या खिशात तिच्या एक छोटी डबी असायची, तिच्यात भिंतीला लावायची पुट्टी. मी तेव्हा भूगावला भाड्याने खोली घेतली होती. आक्का पहिल्यांदा चहाला आली, तर चहा बाजूलाच राहिला आणि ही बाई माझ्या भिंतीवर आधीच्या भाडेकरूने सोडलेली खिळ्यांची भोकं बुजवत सुटली! पण त्याआधी विचारलं मात्र, "हितं तुला काय टांगायचं न्हाई ना?" मी म्हटलं, कॅलेंडर लावीन म्हणते. तेवढं एक तिने सोडलं. मालकिणीला, म्हणजे त्याच गावच्या एका पाटलीणबाईंना, आक्का इतकी आवडली की त्यांनी खालच्या मजल्यावरही बोलावून नेलं. माझा चहा पार गार झाला.

नाकही तिने टोचून घेतलं नव्हतं. आई मागे लागली, मावश्या रुसल्या, पण ही ऐकेल तर शपथ! "नथ काय, वरसातनं दोनदा घालायची. त्येच्यासाठी जन्माचं भोक कशाला?" लग्नातही तिने दाबाची नथ घातली होती आणि मंगलाष्टकं चालू असताना ती घसरून तांदळात पडली. हे ती स्वतःच सांगायची आणि स्वतःच सगळ्यांत जास्त हसायची. तिच्याएवढं पोटभर हसणारं माणूस मला पुढे कुठल्याच ऑफिसात भेटलं नाही. आता मी हिंजवडीत काचेच्या इमारतीत बसते. तिथे माणसं हसली तरी हेडफोन लावून हसतात. कधीकधी दुपारी मला आक्काची अशी काही आठवण येते, की हातातलं काम सुचत नाही.

तिला हे सगळं शिकवलं होतं मिस्त्रींनी. मिस्त्री म्हणजे जुने फिटिंगचे प्रमुख. मी लागले तोवर ते निवृत्त होऊन मुळशी धरणाकाठच्या आपल्या गावी गेले होते, त्यामुळे मी त्यांना फक्त आक्काच्या तोंडून ओळखत होते. आक्का डिप्लोमा करून आली, तेव्हा त्या कारखान्यात बाईमाणूस म्हणून ती पहिलीच. थोरल्या शेठनी सहा महिन्यांच्या बोलीवर घेतलं होतं आणि सगळ्यांदेखत सांगितलं होतं, की एक चूक झाली की घरी. "मिस्त्री मला रोज म्हनायचं, पोरी, भोक पाडायच्या आदी इचार आनि बुजवायच्या आदी दोनदा इचार. आजवर माज्या हातनं एक भोक चुकलं न्हाई," आक्का म्हणायची, आणि ते म्हणताना जाकिटाची कॉलर ताठ करायची.

मग थोरले शेठ थकले आणि त्यांचे चिरंजीव, धाकटे साहेब आले. माणूस वाईट नव्हता, उगाच कशाला खोटं बोलू? बाहेरून शिकून आलेला, नम्र बोलणारा, आम्हाला नवे कॉम्प्युटर त्यानेच दिले. फक्त त्याला आक्काची फेरी बघवत नसे. "आक्का, कमांड आहे हो. मापाचा आकडा टाकला की तेवढी सगळी भोकं एका झटक्यात जातात. तुम्ही कागद घेऊन गावभर का फिरता?" आक्का म्हणायची, "साहेब, जातात व्हय. पन कुनाची गेली ते न्हाई कळत." साहेब कपाळाला हात लावायचे.

त्यातच गाड्यांच्या चार्जिंगची कपाटं बनवायचं मोठं काम आलं. आधी एक नमुना पास करून घ्यायचा, मग पुढचं. गिऱ्हाइकाने स्वतःची भोकं नेमून दिली होती आणि बजावलं होतं, की ह्याखेरीज टाचणी जाईल एवढंही भोक नको, पावसाचं पाणी आत जातं. आम्ही विजेच्या पॅनेलचं जुनं मॉडेल घेतलं आणि साफ करत आणलं. शेवटी एक उरलं. मागच्या पत्र्यावर, खालच्या डाव्या कोपऱ्याशी, बोटभर रुंदीचं. फेरी निघाली. फिटिंगची पोरं म्हणाली, "त्यातनं आम्ही अर्थिंगची वायर काढतो." तिथूनच का? अर्थिंगचा बोल्ट तर उजव्या अंगाला, वायर सगळा पत्रा वळसा घालून आणावी लागते. "काय की. मिस्त्रींच्या वेळेपासून असंच आहे."

आक्का खुर्चीत बसली ती उठेचना. "वापरनारा हाय, पन मालक न्हाई," ती पुटपुटली. "अर्थिंगचं भोक हाय पोरी. ह्या कपाटाला मानसं भर पावसात हात लावनार. मिस्त्रीनं उगं इतक्या लांबनं वायर फिरवली नसंल. काय तरी कारन आसनार."

मी म्हटलं, नव्या कपाटात अर्थिंग गिऱ्हाइकाने वेगळीकडे दिलंय, आपल्याला काय करायचंय? विनयनेही तेच सांगितलं. पण ऐकेल ती आक्का कसली! शनिवारी संध्याकाळी धाकटे साहेब आमच्या टेबलाशी आले. आवाज चढवला नाही, पण चेहरा उतरलेला होता. "आक्का, पुण्यातल्या एका ऑफिसशी माझं बोलणं झालंय. ते आपलं सगळं डिझाइन बाहेरून करून द्यायला तयार आहेत. सोमवारी सकाळी हा पत्रा लेझरवर गेला तर ठीक. नाहीतर, किंवा डिझाइनची एक जरी चूक निघाली तर, मी काम त्यांना देतो. तुम्ही मग डिस्पॅचला बसा." डिस्पॅच म्हणजे माल खोक्यांत भरून रवाना करायचा कोपरा. इतकी वर्षं डिझाइनची खुर्ची सांभाळलेल्या बाईला डिस्पॅच!

मिस्त्रींना फोन लागत नव्हता, त्यांच्या घरात रेंजच नाही. रविवारी सकाळी आक्का माझ्या दारात हजर. पौडपर्यंत बस, तिथून पुढे वडाप, म्हणजे माणसं कोंबून नेणारी जीप. रस्ताभर पुण्याच्या गाड्याच गाड्या, धरणावर सुट्टीला निघालेल्या. मिस्त्रींच्या मुलाने घराशेजारी चार खोल्या बांधून पाहुण्यांना द्यायला काढल्या होत्या. अंगणात कुणा पोरांचं गाण्यांचं खोकं ढणढणत होतं आणि खुद्द मिस्त्री त्या गोंगाटाला कंटाळून खाली पाण्यावर गळ टाकून बसले होते. किडकिडीत म्हातारा, डोक्याला मफलर.

आक्काने चित्र उलगडून त्यांच्या गुडघ्यावर ठेवलं. "मिस्त्री, ह्याला वळखता का?"

म्हाताऱ्याने कागद लांब धरला, जवळ धरला आणि हसायला लागला. गळ हातातून सुटायची वेळ आली. "आगं, हे अजून हाय? ह्ये तुझंच की गं पोरी!"

"माजं?"

"तुजंच. तू नवी हुतीस. पैल्याच पॅनेलवर ह्ये एक भोक जादा काढलंस, आनि समदा लॉट त्या भोकासकट बनून आला. थोरलं शेठ पत्रा घिऊन खाली आलं, लाल झालं हुतं. म्हनलं, कुनी पाडलं ह्ये? तू तवा पानी प्याया गेलतीस भायेर. आता खरं सांगितलं आसतं तर त्याच दिशी तुला घरी घालवली आसती. मी म्हनलं, शेठ, माजं हाय, मीच मागितलं, अर्थिंगची वायर काढाया. मंग काय, एकदा बोल्लो म्हनल्यावर वायर काढावीच लागली त्यातनं! लई वळसा पडायचा. पोरं शिव्या द्यायची मला."

मी आक्काकडे पाहिलं. तिचं तोंड उघडंच होतं. मग एकदम बारीक आवाजात म्हणाली, "त्या टायमाच्या माऊसात गोळी आसायची. गोळीला धूळ बसली की अडकायचा त्यो. मी मंग दोनदा दाबायची."

"आसंल," मिस्त्री म्हणाले. "म्हनून तर तुला रोज सांगायचो, इचार म्हनून."

"मला सांगितलं का न्हाई कधी?"

"काय सांगायचं? तू चांगली शिकत हुतीस."

मग मी साहेबांचं, सोमवारचं, डिस्पॅचचं सगळं सांगून टाकलं. आक्का डोळे वटारत होती, पण मला राहवेना. मिस्त्रींनी गळ गुंडाळून ठेवला. "त्यात काय येवढं? माजं नाव सांग. मिस्त्रीचं भोक हुतं, नव्या कपाटाला त्येचं काम न्हाई, काढलं. मला ह्या वयात कोन काय करतंय? तुजी खुर्ची ऱ्हाती. उंद्या दुपारी मी डांबरी रस्त्याला येऊन फोन करतो. काय झालं ते सांग मला."

येताना वडापमध्ये आक्का खिडकीशी बसून पौड येईपर्यंत त्या चित्राची घडी घालत आणि उलगडत राहिली. मला तर हायसं वाटत होतं. मिस्त्रींनी आयता उपाय हातात दिला होता. त्यात खोटं तरी किती होतं? वायर त्यांनीच काढली होती.

सोमवारी साहेब वेळेआधीच आले होते. पुण्याच्या ऑफिसचा एक माणूसही बरोबर होता, लॅपटॉप मांडीवर घेऊन. "काय आक्का, सापडला का मालक?" साहेबांनी विचारलं. सूर थट्टेचाच होता, पण चांगल्या मनाचा.

मी मनात म्हणत होते, घे नाव, घे लवकर.

"सापडला," आक्का म्हणाली. "मीच. नवी असताना माज्या हातनं चुकून पडलं. मिस्त्रीनं माजी नोकरी वाचवाया स्वतःवर घेतलं, आनि तवापास्नं आपन त्यातनं वायर काढतुया."

पुण्याच्या माणसाने लॅपटॉपवरून डोकं वर केलं. साहेब सावकाश म्हणाले, "म्हणजे इतकी वर्षं प्रत्येक पॅनेलला आपण एक चुकीचं भोक पाडतोय. आणि तुम्ही आम्हाला..." पुढचं त्यांनी गिळलं.

"व्हय साहेब. खुर्चीचं तुमी ठरवा. पन ह्ये काढनार मी. माजं हाय."

ती बसली. चकती नाही, काही नाही, मॉडेलच्या मुळाशी गेली आणि तिथून ते भोक काढलं. पत्रा उलगडून दोनदा तपासला, लेझरला पाठवला आणि खुर्ची टेबलाखाली सरकवून उठली. विनय, ज्याने आयुष्यात तिला कधी गुड मॉर्निंग म्हटलं नव्हतं, तो उठून उभा राहिला. साहेबांनी तिला थांबवलं नाही. थांबवावं की नाही असं त्यांच्या मनात आलं असणार, कारण ते दारापर्यंत तिच्यामागे गेले. पण पुण्याचा माणूस तिथेच बसलेला होता आणि चुकीबद्दलचा शनिवारचा शब्द साहेबांना आता मागे घेता येत नव्हता. जेवणाआधी आक्काचं सामान डिस्पॅचच्या कोपऱ्यात गेलंसुद्धा.

मी दुपारी तिच्याकडे गेले ते भांडायलाच. इतका राग आला होता मला तिचा! एक नाव घेतलं असतं तर काय बिघडलं असतं? ती पुठ्ठ्यांच्या ढिगाऱ्यात एका पत्र्याच्या स्टुलावर बसली होती, हातात चिकटपट्टीचं रीळ. मी तोंड उघडणार, तेवढ्यात तिचा फोन वाजला. मिस्त्री रस्त्यावर येऊन उभे होते. त्यांचा आवाज मलाही ऐकू येत होता, एवढ्या मोठ्याने ते बोलत होते.

"काय झालं गं पोरी? घेतलंस न्हवं माजं नाव?"

आक्काने माझ्याकडे पाहिलं, मग मान फिरवली.

"व्हय मिस्त्री. तुमचंच घेतलं. लगीच मानलं त्यांनी."

"बघ! म्हनलं न्हवतं? आनि खुर्ची?"

"हाय की. खुर्चीवर बसूनच बोलतीया."

म्हातारा तिकडे खुशीत किती वेळ हसत होता. आक्का फोन कानाला धरून सगळं हसणं संपेपर्यंत थांबली. मग फोन जाकिटात ठेवला, डोळे पदराने पुसले आणि मला म्हणाली, "हुबी का? त्या खोक्याचं टोक धर जरा."